बहात्तर तास, सहा आठवडे, अठरा महिने

एचआयव्हीचा विषय निघाला की लोक पहिल्यांदा विचारतात, "कसा झाला?" उपचारासाठी या प्रश्नाचा फारसा उपयोग नसतो. खरा प्रश्न "कधी?" हा आहे. संबंध कधी आला, सुई कधी टोचली, तपासणी कधी केली, गोळी किती वाजता घेता, गरोदरपणाचा कितवा महिना चालू आहे. या आजारातले बहुतेक निर्णय तारखेवर आणि तासावर ठरतात. औषध आहे, सरकारी केंद्रात ते फुकट मिळतं, आणि तरीही माणसं मरतात ती मुख्यतः उशीर झाल्यामुळे. म्हणून इथे सगळं त्या हिशेबानेच मांडलं आहे.

पहिला महिना

विषाणू शरीरात शिरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी बऱ्याच जणांना ताप येतो, घसा दुखतो, मानेत गाठी येतात, अंगावर पुरळ उठतं. आपल्याकडे पावसाळ्यात असा ताप आला की डेंगी, टायफॉइड तपासतात, प्लेटलेट मोजतात, आठवड्याभरात बरं वाटतं आणि विषय तिथेच संपतो. पण नेमक्या याच दिवसांत रक्तातल्या विषाणूंची संख्या सगळ्यात जास्त असते. दुसऱ्याला लागण होण्याची शक्यताही याच काळात सगळ्यात मोठी असते.

आणि याच दिवसांत तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. बोटातून रक्त घेऊन होणारी झटपट चाचणी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती तयार व्हायला वेळ लागतो. याला विंडो पीरियड म्हणतात. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी प्रतिपिंडांबरोबर विषाणूचं पी-२४ हे प्रथिनही पकडते. तिचा निकाल ४५ दिवसांनी भरवशाचा धरतात, तर झटपट चाचणीला तीन महिने थांबावं लागतं. शनिवारी धोका पत्करून सोमवारी चाचणी करणाऱ्याला त्या निगेटिव्ह रिपोर्टमधून फक्त शनिवारच्या कित्येक आठवडे आधीची स्थिती कळते.

उलट बाजूची चूकही होते. खाजगी लॅबच्या एका रिपोर्टवर "रिॲक्टिव्ह" लिहून येतं आणि घरात रडारड सुरू होते. एका किटवरून निदान करायचं नसतं. सरकारी तपासणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, पहिली चाचणी रिॲक्टिव्ह आली की आणखी दोन वेगळ्या प्रकारच्या किटवर तेच रक्त तपासतात. तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. तपासणीआधी आणि नंतर समुपदेशक बोलतो, निकाल फक्त त्या व्यक्तीच्या हातात देतात, पैसे लागत नाहीत. बहुतेक जिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत ही सोय आहे.

धोक्याचे आकडेही माहीत असावेत, कारण भीती आणि बेफिकिरी दोन्ही अंदाजावर पोसल्या जातात. बाधित रक्त चढवलं गेलं तर दहांपैकी नऊ जणांना लागण होते. बाधित व्यक्तीबरोबर सुई वाटून घेतल्यास दर वेळी साधारण ०.६ टक्के, रुग्णालयात सुई टोचल्यास ०.२ ते ०.३ टक्के. योनीसंबंधात बाईला दर वेळी ०.०८ टक्क्याच्या आसपास, गुदसंबंधात स्वीकारणाऱ्या जोडीदाराला १.४ टक्क्याच्या जवळ. हे सरासरीचे आकडे आहेत. जोडीदाराला गुप्तरोगाची जखम असेल किंवा त्याची लागण ताजी असेल तर ते कित्येक पटींनी वाढतात. आणि "दर वेळी" हा शब्द विसरायचा नाही, कारण नवरा-बायकोत ती वेळ वर्षानुवर्षं येत राहते. एकत्र जेवण, एकच संडास, डास, मिठी, मुका, न्हाव्याकडची दाढी यांची भीती मात्र मनातून काढून टाकावी. फक्त न्हाव्याकडे ब्लेड नवी घ्यायला लावावी. कावीळ बी आणि सी यांसाठी ते गरजेचंच आहे.

आत काय चालतं

एचआयव्ही हा विषाणू आहे आणि एड्स ही त्याने आणलेली शेवटची अवस्था आहे. या दोन शब्दांची अदलाबदल केल्याने फार नुकसान झालं आहे. भारतात एचआयव्हीसह जगणाऱ्या लाखो लोकांना एड्स झालेला नाही, आणि वेळेवर गोळ्या घेतल्या तर तो होणारही नाही.

विषाणूला शिरकाव करायला सीडी-फोर नावाच्या पांढऱ्या पेशी लागतात. शरीराच्या संरक्षणात या पेशी हुकूम देणाऱ्या असतात. कुठल्या पेशीने लढायचं, प्रतिपिंडं कोणी बनवायची, हे त्या ठरवतात. विषाणू पेशीच्या दोन खुंट्यांना, आधी सीडी-फोरला आणि मग बहुधा सीसीआर-५ ला, चिकटून आत शिरतो. त्याचा जनुकीय मजकूर आरएनएचा असतो. तो डीएनएत उलटवून पेशीच्या स्वतःच्या डीएनएत शिवून टाकतो. एकदा ही शिवण पडली की पेशी जगेल तोवर विषाणूचा मजकूर तिच्यात राहतो.

पहिली मोठी पडझड आतड्यात होते. आपल्या संरक्षक पेशींचा मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो आणि लागण झाल्यावर काही आठवड्यांतच तो उद्ध्वस्त होतो. अस्तर गळकं झाल्याने जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात, आणि संरक्षण यंत्रणा कायम तापलेली राहते. रक्तवाहिन्या आणि हृदय यांच्यावर त्याचा परिणाम वर्षानुवर्षं होत असतो. म्हणून एचआयव्ही असलेल्याने तंबाखू सोडणं ही वरवरची सूचना समजू नये.

निरोगी माणसात एका घन मिलिमीटर रक्तात ५०० ते १५०० सीडी-फोर पेशी असतात. उपचार नसेल तर हा आकडा दरवर्षी घटत जातो आणि सरासरी आठ-दहा वर्षांनी २०० च्या खाली येतो. तिथून पुढे एड्स. या आठ-दहा वर्षांत माणूस कामाला जातो, लग्न करतो, शेत कसतो, धडधाकट दिसतो. अधूनमधून काही खुणा मात्र दिसतात. तरुण वयात नागीण उठणं, तोंडात पांढरा थर येणं, महिनाभर न थांबणारे जुलाब, कारण नसताना वजन घटणं. यातलं काहीही दिसलं तर एचआयव्हीची चाचणी व्हायलाच हवी. नागिणीवर फक्त मलम देऊन रुग्णाला घरी पाठवलं की कित्येकदा दोन-तीन वर्षं वाया जातात.

आकडा २०० खाली गेला की न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया गाठतो. १०० खाली मेंदूत टॉक्सोप्लाझ्माच्या गाठी आणि क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर, ५० खाली डोळ्याच्या पडद्यावर सीएमव्ही नावाच्या विषाणूचा हल्ला. सीडी-फोर कमी असलेल्या माणसाचं डोकं दोन आठवडे सलग दुखत असेल तर त्याला वेदनाशामक देऊन बसू नये. क्रिप्टोकॉकसची रक्तचाचणी साधी आहे आणि ती जीव वाचवते.

टीबी, सगळ्यात जवळचा शत्रू

टीबी मात्र कुठल्याही आकड्यावर होतो, आणि एचआयव्ही असलेल्यांचे सर्वाधिक मृत्यू त्यानेच होतात. यात एक फसगत आहे. टीबीत फुप्फुसाला जी पोकळी पडते ती जंतूपेक्षा शरीराच्या प्रतिकारामुळे पडते. प्रतिकारच उरला नसेल तर पोकळी पडत नाही, थुंकीत जंतू कमी उतरतात आणि एक्स-रेही कधी कधी स्वच्छ दिसतो. एचआयव्ही जितका पुढे गेलेला, तितका टीबी तपासणीत कमी दिसतो. म्हणून एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, देणाऱ्या केंद्रात प्रत्येक भेटीत चार गोष्टी विचारतात: खोकला, ताप, वजनात घट, रात्रीचा घाम. एकाचंही उत्तर हो असेल तर सूक्ष्मदर्शकावर न थांबता थुंकीची सीबीनॅट, म्हणजे जंतूची जनुकं शोधणारी, तपासणी करून घ्यावी. चारही नाही असतील तर टीबी टाळण्यासाठी प्रतिबंधक औषधाचा कोर्स देतात. तो पुष्कळ लोक "मला टीबी नाही, मग गोळ्या कशाला" म्हणून अर्धवट सोडतात. तसं करू नये.

दोन्ही आजार एकत्र असतील तर आधी टीबीची औषधं सुरू करतात आणि साधारण दोन आठवड्यांत एआरटी. मेंदूचा टीबी असेल तर थोडं अधिक थांबतात. एआरटी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी ताप परत चढतो, गाठी फुगतात, आणि रुग्ण म्हणतो, "गोळ्यांनी उलट बिघडलं." प्रत्यक्षात जागी झालेली प्रतिकारशक्ती आधीपासून दबा धरून बसलेल्या जंतूवर तुटून पडलेली असते. गोळ्या बंद न करता केंद्रात जाऊन दाखवणं हाच उपाय.

रोजची एक गोळी

२००१ च्या सुरुवातीला मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली. तेव्हा श्रीमंत देशांत त्याच उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च येत असे. भारतात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. पहिल्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. त्या काळात सीडी-फोर २०० खाली येईपर्यंत थांबावं लागे. पुढे हा आकडा वर सरकत गेला आणि २०१७ पासून थांबण्याचा नियमच गेला. निदान झालं की आकडा कितीही असो, औषध सुरू.

आता बहुतेकांना टीएलडी मिळते: टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम, तिन्ही एका गोळीत, दिवसातून एकदा. पहिली दोन औषधं विषाणूच्या डीएनएच्या माळेत खोटा मणी ओवतात, माळ तिथेच तुटते. तिसरं ती शिवण पडू देत नाही. तीन लागतात, कारण विषाणूचा नकलनवीस फार चुका करतो. जवळपास दर दोन-चार प्रतींमागे एक चूक, आणि उपचार नसताना रोज अब्जावधी प्रती. एकाच औषधाला चुकवणारी प्रत त्यात आयती सापडते. तिघांना एकदम चुकवणारी सापडत नाही, पण रक्तातली औषधाची पातळी टिकून असेल तरच.

म्हणून वेळ ठरवून घ्यावी. रात्री झोप उडत असेल किंवा विचित्र स्वप्नं पडत असतील तर गोळी सकाळी घ्यावी. विसरली तर आठवेल तेव्हा घ्यावी. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी उरले असतील तर ती सोडून पुढची वेळेवर घ्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. कॅल्शियम, लोह आणि पित्ताची पातळ औषधं पोटात डोल्युटेग्राव्हिरला बांधून ठेवतात. ती घ्यायची असतील तर आपली गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. गरोदर बायकांना लोह-कॅल्शियम चालू असतंच, त्यामुळे हे त्यांना हाताने लिहून द्यावं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगावं. या गोळीबरोबर त्याचा डोस दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन डोल्युटेग्राव्हिर लवकर निचरून टाकतं, म्हणून तेव्हा बारा तासांनी ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी लागते. ती द्यायची राहून गेली तर सगळं गणित फसतं. टेनोफोव्हिरमुळे मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, क्रिएटिनिन वेळोवेळी तपासावं. कावीळ बी असलेल्याने ही गोळी मनाने कधीच बंद करू नये, यकृताचा आजार उसळतो.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी, मग बाराव्या महिन्यात, पुढे वर्षाला एकदा. मिलिलिटरमागे १००० च्या वर आला तर आधी गोळ्या कुठे चुकतात ते शोधून तीन महिने नीट घेतात आणि पुन्हा तपासतात. २०० च्या खाली टिकून राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हजारो जोडप्यांच्या अभ्यासांतून हे सिद्ध झालं आहे, आणि आपल्याकडच्या समुपदेशनात ते अजून दबक्या आवाजात सांगतात याचं मला वाईट वाटतं. नवरा-बायकोला हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. निरोध इतर गुप्तरोगांसाठी आणि नको असलेल्या गर्भासाठी वापरावाच.

"विषाणू सापडला नाही" असा रिपोर्ट आला की काही जण गोळ्या थांबवतात. शिवण पडलेल्या, झोपलेल्या पेशी औषधाच्या आवाक्याबाहेर असतात. गोळ्या थांबल्यावर बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत विषाणू परत येतो. एड्स मुळापासून बरा करतो म्हणणाऱ्या जाहिरातींबद्दल एवढंच की सरकारच्या औषध नियमांच्या "जे" परिशिष्टात, ज्या रोगांवर असा दावा करायला बंदी आहे त्या यादीत, पहिलंच नाव एड्सचं आहे.

गोळ्या खंडित होण्याचं आपल्याकडचं एक नेहमीचं कारण स्थलांतर. बीडकडचं ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतं ते पाच-सहा महिन्यांनी परततं. निघण्याआधी केंद्रात सांगितलं तर स्थिर रुग्णाला तीन महिन्यांपर्यंतच्या बाटल्या देता येतात, किंवा कारखान्याजवळच्या केंद्राकडे कागद पाठवता येतात. मुकादमाला कळेल या भीतीने लोक काही सांगत नाहीत, आणि संक्रांतीपर्यंत बाटली रिकामी होते.

रिपोर्टवरची तारीख

२०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यातले ३.९४ लाख महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. यातल्या असंख्य बायकांचं निदान पहिल्या बाळंतपणात झालं, कारण गरोदरपणात चाचणी होते आणि नवऱ्याची तोवर कधी झालेलीच नसते. घरात मग सरळ हिशेब मांडतात: रिपोर्ट आधी तिचा आला, म्हणजे आजार तिने आणला. हा हिशेब साफ चुकीचा आहे. चाचणी फक्त लागण आहे एवढं सांगते, ती कधी झाली आणि कोणाकडून झाली हे सांगत नाही. नवरा-बायको एकत्र तपासले असते तर हा आरोपच झाला नसता. म्हणून गरोदर बाईबरोबर नवऱ्याचीही चाचणी त्याच दिवशी व्हावी असं माझं ठाम मत आहे. नवरा गेल्यावर "पांढऱ्या पायाची" म्हणून माहेरी धाडलेल्या आणि शेतातला वाटा नाकारलेल्या बायका पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात कमी नाहीत. एचआयव्ही असल्याने वारसाहक्क कणभरही कमी होत नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

भीतीने कायदा हाती घेतला की काय होतं ते गोव्याने १९८९ मध्ये पाहिलं. रक्तदान करणाऱ्या डॉमिनिक डिसोझांच्या रक्तात एचआयव्ही सापडला आणि तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली पोलिसांनी त्यांना उचलून म्हापशाच्या एका जुन्या टीबी रुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवलं. त्यांची आई ल्युसी उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने ती तरतूद तेव्हा वैध ठरवली. डॉमिनिक यांनी नंतर पॉझिटिव्ह पीपल ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये ते गेले. १९९७ साली मात्र मुंबई उच्च न्यायालयाने एका कामगाराच्या खटल्यात सांगितलं की काम करायला सक्षम असलेल्याला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. त्याचं नाव गुप्त ठेवून हा खटला चालवला गेला.

आता २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. समजून दिलेल्या संमतीशिवाय चाचणी नाही, लेखी नोंदवलेल्या संमतीशिवाय निकाल उघड करणं नाही, नोकरी, शाळा, भाड्याचं घर, उपचार यांत भेदभाव नाही. शंभर किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत, आणि वीस किंवा जास्त माणसांच्या रुग्णालयात, तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याच्या वर राज्याचा लोकपाल. तक्रार लेखी द्यावी, तारीख घालावी, पोच घ्यावी.

रुग्णालयातला भेदभाव बहुधा वेगळ्या रूपात येतो. खाटेवर पाटी लावणं, ऑपरेशन "पुढच्या आठवड्यात" ढकलत राहणं. सुरक्षेच्या नावाखाली हे चालतं, पण त्यात सुरक्षा नाही. विंडो पीरियडमधल्या रुग्णाच्या खाटेवर पाटी नसते. हातमोजे, सुया टाकायचा डबा, टोपण परत न लावणं, हे प्रत्येक रुग्णासाठी केलं तरच कर्मचारी सुरक्षित राहतात.

बहात्तर तास

तरीही सुई टोचली, निरोध फाटला किंवा बलात्कार झाला, तर जखम साबणपाण्याने धुवावी. पिळू नये, ब्लीच किंवा स्पिरिट ओतू नये, बोट तोंडात घालू नये. डोळ्यात रक्त उडालं तर नुसत्या पाण्याने धुवावं. मग लगेच रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. लागण टाळणारी पहिली गोळी दोन तासांत मिळाली तर उत्तम, ७२ तासांनंतर ती देत नाहीत, कारण तोवर विषाणू लसिकाग्रंथींत पोचून शिवण घालू लागलेला असतो. तीच टीएलडी, रोज एक, २८ दिवस. शुक्रवारी रात्री घटना झाली आणि सोमवारी ओपीडी उघडायची वाट पाहिली तर मुदत संपत येते. अपघात विभाग रविवारीही चालू असतो. चाचणी त्या दिवशी, मग सहा आठवडे, तीन आणि सहा महिन्यांनी. कोर्स दहाव्या दिवशी सोडण्याचं नेहमीचं कारण मळमळ असतं. गोळी जेवणानंतर घेतली की ती बहुधा सुसह्य होते. काही विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलतात.

बाळ

काहीच केलं नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईच्या गोळ्या वेळेत सुरू झाल्या, बाळाला औषध मिळालं आणि पाजणं नीट झालं तर ती पाच टक्क्यांच्या खाली येते, आईचा व्हायरल लोड दबलेला असेल तर त्याहूनही पुष्कळ कमी. म्हणून चाचणी पहिल्याच तपासणीत, तिसऱ्या महिन्याच्या आत व्हावी.

जन्मल्यावर बाळाला नेव्हिरापिनचं पातळ औषध सहा आठवडे, दिवसातून एकदा. अडीच किलोच्या वर वजन असेल तर दीड मिलिलिटर, दोन ते अडीच किलोला एक मिलिलिटर. चमच्याने अंदाजे देऊ नये, सिरिंजने मोजून द्यावं. आईच्या गोळ्या उशिरा सुरू झाल्या असतील तर डॉक्टर दुसरं औषध जोडतात.

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. इथे घरातल्या मोठ्या बायकांना समोर बसवून सांगावं लागतं. बाळघुटी, मध, साखरपाणी, गाईचं दूध, साधं पाणीसुद्धा नाही. वरचं अन्न आतड्याच्या कोवळ्या अस्तराला इजा करतं आणि त्या वाटेने दुधातला विषाणू आत शिरतो. सहा महिने निव्वळ आईचं दूध हे दूध-घुटीच्या मिश्रणापेक्षा कितीतरी सुरक्षित.

सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन विषाणूची चाचणी करतात. साधी चाचणी इथे चालत नाही, कारण आईची प्रतिपिंडं नाळेतून बाळात उतरलेली असतात आणि दीड वर्षापर्यंत टिकतात. बाळ निरोगी असलं तरी ती पॉझिटिव्ह येईल. त्याच भेटीत इतर जंतुसंसर्ग टाळणारं कोट्रायमोक्साझोल सुरू होतं. कागदावरची चाचणी पॉझिटिव्ह आली तर दुसरा नमुना घेतात आणि त्याच्या निकालाची वाट न पाहता बाळाची एआरटी सुरू करतात, कारण उपचाराविना अशा बाळांपैकी निम्मी दुसऱ्या वाढदिवसाच्या आत जातात. निगेटिव्ह आली तर सहाव्या आणि बाराव्या महिन्यात पुन्हा. पाजणं चालू असेपर्यंत धोका संपलेला नसतो, म्हणून शेवटची चाचणी अठराव्या महिन्यात, किंवा दूध तोडल्यावर तीन महिन्यांनी, यांतलं जे नंतर येईल तेव्हा. ती निगेटिव्ह आली की कोट्रायमोक्साझोल थांबतं आणि बाळाची केंद्रातली फाइल बंद होते. आईची चालू राहते.